शकूला कर्ज हवंय

…आणि वर म्हणे पुरावा आणा! कसला पुरावा? तर तुम्ही मासे विकता याचा पुरावा! आता तुम्हाला सांगतो, बाई मिरकरवाड्याच्या बंदरावरून थेट बँकेत आलेली, हाताला कोपरापर्यंत बांगड्याची खवलं, पदर कमरेला तसाच खोचलेला, पिशवीतल्या कोलंबीच्या बर्फाचं पाणी त्या गुळगुळीत फरशीवर टप टप टप… एसीचा वारा तिच्या अंगावरून पुढं गेला तो रांगेतल्या सगळ्यांना सांगत गेला की आज बाजारात काय काय आलंय, आणि काचेमागचा तो साहेब चष्मा वर करून विचारतो, "आपल्या व्यवसायाचा काही पुरावा?" अहो, बाई समोर उभी आहे!

ही शकू. कागदावर शकुंतला शिवराम भाटकर, पण एवढं लांब नाव घेऊन तिला कुणी हाक मारली तर ती वळून बघायची नाही, तिला वाटेल दुसरंच कुणी आलंय. मासळी बाजारात शिरलात की डाव्या हाताला, चहाच्या टपरीसमोर तिची जागा. आधी तिथं सासू बसायची, आता ही बसते. नवरा शिवा, ट्रॉलरवर तांडेल. तांडेल म्हणजे बोट कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं तोच ठरवणार. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा. घरातही त्याचा शब्द शेवटचाच असतो, आणि तो शब्द म्हणजे "बरा". मुलगी दिशा, नर्सिंगला. तिघं बंदरामागं भाड्याच्या दोन खोल्यांत. मालक दरवर्षी यायचा आणि म्हणायचा, "यंदा पाडणार हां, नवीन बिल्डिंग बांधणार," आणि शकू त्याला दोन बांगडे जास्त घालून परत पाठवायची. पण एके दिवशी मालकाचा मुलगा आला. बांगडे घेतले नाहीत. मोबाइलवर नकाशा दाखवला. म्हणाला, "काकी, फार तर तीन वर्षं. मग खरंच पाडतोय." बांगडे न घेणारा माणूस खरं बोलतो, हे शकूला लगेच कळलं, आणि त्याच दिवशी ती तशीच्या तशी बँकेत गेली. तिला वाटलं, बँक म्हणजे काय, आपल्या बाजारासारखाच बाजार! तिकडं पैसे मिळतात, भाव करायचा, पिशवीत घालायचे, निघायचं…

त्या साहेबानं तिला गृहकर्जाच्या टेबलावर पाठवलं. तिथं योगिनी मॅडम. बाई चांगली, आवाज मऊ, पण तुम्हाला सांगतो, मऊ आवाजात नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही हो, तिथंच आपण हरतो! मॅडम म्हणाल्या, "ताई, आधी कधी कर्ज घेतलंय?"

शकूनं छाती पुढं केली. "नाय! देवाशपत नाय. सासूनं नाय घेतला, मी नाय घेतला. आमच्याकडं कोणाचा एक पैसा नाय, बाजारात कोणालाही इचारा!"

तिला वाटलं, आता ही बाई उठून उभी राहणार आणि हात मिळवणार. पण मॅडमचा चेहरा पडला. "अरेरे," म्हणाल्या, "मग तर तुमचा सिबिल स्कोअरच नाही."

"शिबिल? तो काय?"

"म्हणजे तुम्ही कर्ज फेडता की नाही, याचा इतिहास."

"पन मी घेतलाच नाय तर फेडू काय?"

"तेच ना! घेतलं नाहीत म्हणून फेडलं नाहीत, फेडलं नाहीत म्हणून आम्हाला कळत नाही की तुम्ही फेडाल की नाही. आधी एखादं छोटं कर्ज घ्या."

आता मला सांगा, ज्या बाईनं उभ्या जन्मात उधारी केली नाही, तिला कर्ज नाही, का तर तिनं उधारी केली नाही! डोकं कुठं आपटायचं? अहो, बाई समोर उभी आहे, तिला बघा, तिच्या सासूला ओळखणारी माणसं अजून बाजारात आहेत, त्यांना विचारा! पण नाही. मॅडमनी मऊ आवाजात तिला सगळं सांगितलं. सगळी कमाई बँकेत भरत जा. आयकराचं रिटर्न भरा, एक वर्षाचं नव्हे, निदान दोन-तीन वर्षांचं. घराच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढे पैसे तरी स्वतःजवळ जमवा. आणि एखादी वस्तू हप्त्यावर घ्या. "तयारी करून या ताई," म्हणाल्या. दहावीची परीक्षा असल्यासारखं. शकू दहावीला बसलीच नव्हती, ती या परीक्षेला बसली.

आधी फ्रीज. मारुती मंदिराजवळच्या दुकानात गेली, बोट लावलं, "हा." दुकानदारानं किंमत सांगितली. शकूनं कमरेची पिशवी सोडली, नोटा बाहेर काढल्या, मोजल्या, बरोबर होत्या… आणि परत पिशवीत ठेवल्या. म्हणाली, "हप्त्यावर द्या."

दुकानदार म्हणाला, "मावशी, पैसे आहेत ना तुमच्याकडं?"

"हायत ना."

"मग हप्ता कशाला? व्याज बसेल."

"बसू दे. मला शिबिल पायजे."

त्या बिचाऱ्यानं आतून बायकोला बोलावून आणलं, दाखवायला! आणि शिवा… शिवा बोटीवरून आला, दारात नवा फ्रीज बघितला, खुश झाला, हप्त्याचं कळलं आणि मटकन खाली बसला. "अगो, लोकं काय म्हनतील? शिवा तांडेलाला एक फ्रीज नाय घेवला रोखीत?" दोन दिवस माणूस टपरीवर चहाला गेला नाही. शकू मात्र हप्त्याची तारीख उजाडायच्या आधीच दुकानात हजर! दुकानदार हात जोडून सांगतोय, "मावशी, तो खात्यातून आपोआप जातो हो, तुम्ही येऊ नका," आणि ही म्हणते, "गेला काय ता बगायला आले. आपोआप गेलेल्याचा काय भरवसा?"

मग रिटर्न. बाजाराच्या वरच्या अंगाला ऋत्विकचं ऑफिस आहे, पोरगा टॅक्सची कामं करतो, शकूकडचाच मासा खाऊन मोठा झालेला. तो म्हणाला, "काकी, तुम्हाला टॅक्स लागतच नाही."

"मग मी चल्ले."

"थांबा, थांबा! लागत नाही, पण रिटर्न भरायचं."

"लागत नाय तर भरायचा कशाला?"

"लागत नाही, हे सरकारला सांगायला."

"मग फोन कर ना सरकारला! सांग, शकूला लागत नाय."

अर्धा तास हे चाललं होतं. शेवटी ऋत्विकनं एवढंच म्हटलं, "काकी, घर हवंय ना?" आणि ती गप्पकन खुर्चीत बसली. हे बघा, हा असा होता तिचा स्वभाव. 'घर' म्हटलं की गप्प. नाहीतर शकूला गप्प करणं म्हणजे…जाऊ दे.

आणि बँकेत पैसे भरणं! तोवर शकूचे पैसे कुठं असायचे? थोडे डब्यात, थोडे भिशीत, थोडे आनंदीबाईकडे. आनंदीबाई म्हणजे शकूच्या शेजारी बसणारी म्हातारी, बाजारातली सगळ्यात जुनी, तोंडात एकही दात नाही पण बोलणं सगळ्यात धारदार. आता रोजच्या रोज नोटा बँकेत जायला लागल्या. शकू त्या आधी वाळत घालायची, दोरीला चिमट्यांनी, आणि दिशाच्या पावडरचा डबा त्यावर उपडा करायची, तरी कॅशियर त्या मोजताना तोंड एका बाजूला करायचा. दिशानं मग आईला मोबाइलवरून पैसे घ्यायचा तो चौकोनी कोड आणून दिला, बर्फाच्या पेटीवर चिकटवला, शेजारी पैसे आले की बोलणारी डबी ठेवली. आनंदीबाईनं कोड निरखून बघितला आणि म्हणाली, "रांगोळी बरी हाय, पन रंग भरूक कोन नाय मिळाला काय?" पण गिऱ्हाइकं यायला लागली, मोबाइल दाखवायला लागली, पेटीवरच्या डबीतून बाई बोलायची, 'दोनशे रुपये प्राप्त झाले,' आणि आनंदीबाई दचकून प्रत्येक वेळी पेटीला म्हणायची, "बरा बरा."

वर्षभरानं योगिनी मॅडमनी खातं बघितलं. "ताई, छान चाललंय. पण हे जून-जुलैत काय झालं? काहीच नाही?"

"बंदी असते ना म्याडम. मासे अंडी घालतात."

"मग तेव्हा हप्ता कसा भरणार?"

शकू म्हणाली, "म्याडम, मासे अंडी घालतात, मी नाय घालत. मी सुकी मासळी विकते." आणि हर्णेहून आणलेल्या सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, पुडी टेबलावर ठेवली. आता हा पुरावाच होता हो! सज्जड, वासासकट! मॅडमनी ती पुडी परत दिली आणि सुक्या मासळीचेही पैसे खात्यात दिसले पाहिजेत म्हणून सांगितलं. अहो, बाई समोर उभी आहे, सोडे समोर आहेत…पण नाही, खात्यात दिसले पाहिजेत!

असे करत करत तीन पावसाळे गेले. फ्रीज फिटला. रिटर्नं झाली. शिबिल आला, आणि असा आला म्हणता, ऋत्विक म्हणाला, "काकी, माझ्यापेक्षा चांगला आहे!" शकूनं आकडा एका चिठ्ठीवर लिहून देवाजवळ ठेवला. आणि मग घर बघितलं. नाचणे रोडला, तिसरा मजला, एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, आणि गॅलरी. बिल्डरचा माणूस सांगत होता, व्हिट्रिफाइड टाइल, अमुक कंपनीचा नळ, तमुक कंपनीची लिफ्ट. शकूला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती आतल्या खोलीत गेली, दार लावलं, उघडलं, परत लावलं. दिशाला म्हणाली, "तुजी ही. आतून कडी हाय बग." दोन खोल्यांच्या घरात पोरगी अजून पडद्याआड कपडे बदलत होती, हे कुणाला सांगायची गोष्ट नव्हे, शकूनं कधी सांगितलंही नव्हतं. दिशानं ती कडी दोनदा लावून बघितली. शिवानं गॅलरीतून चारही दिशांना बघितलं, समुद्र दिसत नाही याची खात्री करून घेतली, आणि म्हणाला, "बरा."

टोकन दिलं. कसं दिलं? शकूच्या आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या मोडून दिलं. दिवाळीपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन परत नाही, असं कागदावर लिहिलेलं. तिकडं मालकाच्या मुलानं खोल्यांच्या भिंतींवर चुन्यानं फुल्या मारल्या. म्हणजे मागं फुल्या, पुढं दिवाळी, आणि मधे शकू. अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, "आता काही राहिलं नाही ताई. फक्त आमचा माणूस येईल, व्यवसायाची जागा बघून जाईल. दोन मिनिटांचं काम."

आता ऐका. तुम्हाला सांगतो, या दोन मिनिटांनी तीन वर्षांवर पाणी फिरवलं!

तो माणूस आला त्या दिवशी शकू नेमकी बँकेत. का? तर माणूस कधी येणार ते विचारायला! मोबाइल टपरीवर चार्जिंगला लावलेला. आणि बाजारात शिरला तो दर्शन. पोरगा सज्जन, पण अवतार बघा. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, गळ्यात पट्टा, हातात फाइल. मासळी बाजारात बूट घालून कोण येतं? एक तर पोलीस, नाहीतर नगरपरिषद, नाहीतर कोर्टाचा बेलीफ. आणि तो आला तो थेट आनंदीबाईसमोर, आणि त्यानं फाइल उघडून विचारलं, "शकुंतला शिवराम भाटकर इथेच बसतात का?"

संपलं! पूर्ण नाव घेतलं! पूर्ण नाव घेऊन बाजारात कधी चांगली बातमी आलीय का हो? आनंदीबाईच्या अंगात साठ वर्षांचा बाजार जागा झाला. तिनं एका हातानं शकूची पाटी आपल्या मागं ओढली, दुसऱ्या हातानं त्या रांगोळीवर, म्हणजे कोडावर, ओला फडका टाकला आणि म्हणाली, "कोन शकुंतला? हितं कोन शकुंतला नाय."

दर्शन म्हणाला, "पण पत्ता तर इथलाच आहे, चहाच्या टपरीसमोर…"

पलीकडची म्हणाली, "हुती हुती. ती गेली माहेराक. परत नाय आली."

तिसरी म्हणाली, "भांडान गेली. नवऱ्याशी."

चौथीला वाटलं, एवढ्यानं हा जायचा नाही, माहेरी जाऊन शोधेल मेला, कायमचा बंदोबस्त करायला हवा. तिनं डोळ्याला पदर लावला. "कशाला पोरीची थट्टा करताव गो? साहेब, ती वारली. गणपतीच्या टायमाला."

आणि तेवढ्यात दर्शननं शकूचा नंबर लावला, आणि टपरीवर मोबाइल वाजायला लागला! आनंदीबाई उठली, या वयात धावली, मोबाइल उचलला आणि दर्शनकडे पाठ करून, दहा पावलांवरून, ओरडली, "राँग नंबर!"

दर्शन गेला. बाजारात सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या, आपण शकूला वाचवलं म्हणून एकीनं सगळ्यांना चहा पाजला. शकू परत आली तेव्हा तिला सांगितलं, "एक लफंगा आलेला तुला शोधीत. हाकलला!" शकूलाही बरं वाटलं. तिनंही चहा घेतला!

चार दिवसांनी बँकेतून बोलावणं. शकू नवं पातळ नेसून गेली, पेढे घेऊन गेली. योगिनी मॅडम कागदाकडे बघतायत, शकूकडे बघतायत, परत कागदाकडे. आवाज नेहमीपेक्षा मऊ. "ताई, अर्ज नामंजूर झालाय."

"का?"

"इथं रिपोर्टमध्ये… म्हणजे कसं सांगू… अर्जदार हयात नाहीत असं लिहिलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही वारलात."

अहो, बाई समोर उभी आहे! नवं पातळ नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन! मॅडमनाही दिसतेय, पण कॉम्प्युटरमध्ये ती गणपतीत गेलेली! आणि तुम्हाला सांगतो, शकू त्या वेळी भांडली नाही. मॅडमना वाटलं आता आभाळ कोसळणार, शिपाई तर पाण्याचा ग्लास घेऊन लांबच थांबला. पण शकू नुसती खुर्चीत बसली. तिला चुन्याच्या फुल्या दिसायला लागल्या. पाटल्या दिसायला लागल्या. ती कडी दिसायला लागली, आतून लागणारी. मग म्हणाली, "म्याडम, तीन वरसं मी तुमी सांगितला तसाच केला ना?" बस, एवढंच. पेढ्यांचा पुडा टेबलावर विसरून निघून आली.

बाजारात आली, सांगितलं. लिलाववाला ओरडत होता तोही थांबला. आणि चौथी, जिनं तिला मारलं होतं, ती ढसाढसा रडायला लागली, आता खरंच शकू गेल्यासारखी. आनंदीबाईनं मात्र पदर खोचला. सगळ्या उठल्या, माशांवर फडकी टाकली आणि निघाल्या बँकेत. भर दुपारी, अकरा बायका, रांगेनं! रखवालदारानं दार उघडलं आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. आनंदीबाई मॅडमच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "गो बाय, आमी खोटा बोललो. ती जिती हाय. लिव."

मॅडमनी ऐकून घेतलं. आधी ओठ घट्ट मिटले, मग वही तोंडापुढं धरली, मग खांदे हलायला लागले… हसू आवरून म्हणाल्या, "उद्या मी स्वतः येते."

झालं! रात्रभर बाजारानं ठरवलं, उद्या चूक करायची नाही, उद्या शकूचं चांगलं सांगायचं. आणि दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, चप्पल घालून आल्या, शहाण्या बाई, आणि विचारलं, "ह्यांचा धंदा कसा आहे?"

"अगो बाय, काय इचारतेस! अर्ध्या बंदराचा मासा हीच उचलते!"

"रोजचा लाखाचा माल!"

"दोन ट्रॉलर हायत तिचे, तिसरा घेतेय!"

शकू डोळे वटारतेय, हात हलवतेय, मेल्यांनो गप्प बसा… आणि मॅडमच्या कपाळावर आठी. "ताई, दोन ट्रॉलर? रिटर्नमध्ये तर तसं काही नाही. उत्पन्न लपवलंत की काय?"

म्हणजे परवा बाई नव्हतीच, आणि आज बाई एवढी मोठी की आयकरवाले शोधत येतील! अहो, बाई समोर उभी आहे, आहे तेवढीच आहे, ना कमी ना जास्त! पण मधल्यामधे तिला राहूच देईनात!

आनंदीबाईला कळलं, परत घोटाळा झाला. तिनं दुरुस्ती केली. कशी? शकूच्या पाटीतला सगळ्यात मोठा हलवा उचलला, पिशवीत घातला आणि मॅडमच्या हातात कोंबला. "घे गो बाय. घरी ने. पैशे नको." आणि सगळ्यांच्या माना डुलल्या, हां, हे बेस झालं.

शकूनं ती पिशवी मॅडमच्या हातातून काढून घेतली. हलवा परत पाटीत टाकला, थाडकन! म्हणाली, "नाय. फुकट नाय. म्याडम, तुमाला हवा तर घ्या, साडेसातशे."

एक म्हणाली, "अगो, कर्ज देनारी बाय ती!" आनंदीबाईनं डोक्याला हात लावला.

मॅडमही हट्टी. म्हणाल्या, "साडेसहाशे."

"साडेसातशे. सकाळी लिलावात कितीक घेतलाय ता मला ठावक. तुमाला सोडला तर उद्या सगळ्यांना सोडायला लागंल. मग हप्ता कुटून भरू? तुमचाच हप्ता तो!"

मॅडमनी मोबाइल काढला, कोड स्कॅन केला. पेटीतली बाई बोलली, 'सातशे पन्नास रुपये प्राप्त झाले,' आनंदीबाई सवयीनं म्हणाली, "बरा बरा," आणि मॅडमनी तिथंच, ओल्या ओट्यावर फाइल ठेवून, रिपोर्टवर सही केली. शकूनं हलवा साफ करून, तुकडे करून दिला. तुकडे करायचे पैसे घेतले नाहीत, तेवढं मात्र मी सांगतो.

कर्ज मंजूर झालं. दिवाळीच्या आधी झालं. पण बँकेनं मागितल्यापेक्षा कमी दिलं, म्हणजे खोलीचे पैसे मिळाले आणि दाराचे राहिले, असा प्रकार. शिवा म्हणाला, "ट्रॉलरच्या शेटकडं मागतो," आणि त्याचा चेहरा असा झाला होता की शकूच म्हणाली, "नको." त्या महिन्यात भिशी निघाली ती आनंदीबाईची. दोन वर्षं ती नंबराची वाट बघत होती, कवळी बसवायची होती. बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हातारीनं चिकनची तंगडी मनात धरून ठेवली होती, कवळी बसली की पहिली ती. भिशीचे पैसे हातात आले तसे तिनं शकूच्या पाटीत टाकले, माशांवरच. शकू म्हणाली, "गो, तुजे दात?"

"दात काय पळून जातायत? नायच हायत ते. घे."

आणि बाकीच्यांनी आपापले पुढचे नंबर मागं सरकवले, म्हणजे पुढची भिशीही शकूलाच. शकूनं आभार मानले नाहीत, तिथं ती पद्धत नाही. तिनं नोटा उचलल्या, पुसल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "हां दादा, काय देऊ?"

घर झालं. सत्यनारायण झाला. सगळा बाजार लिफ्टमधून वर आला, दोनदा खाली गेला, परत वर आला, मजा म्हणून. बायकांनी नळ सोडून बघितले, टाइलवर टकटक केलं, दिशाच्या दाराची कडी प्रत्येकीनं एकेकदा लावून बघितली. शिवा गॅलरीत उभा राहून आलेल्या प्रत्येकाला सांगत होता, "समुद्र नाय दिसत, पन वारा कुटचा हाय ता कळतो." आणि जेवणं झाल्यावर आनंदीबाईनं शकूला बाजूला घेतलं. "शकू, खालच्या मजल्यावर एक खोली हाय म्हनतात?"

"हाय."

"मग माज्या ल्योकाचा पन कर ना काय ता. बँकेत तुजी वळख हाय. जामीन तू रव."

शकूनं तोंड उघडलं, तर मागून दुसरी म्हणाली, "माजा पन." तिसरी म्हणाली, "मला फ्रीज कंच्या दुकानातून घेऊ ता सांग आदी." चौथी, ती मारणारी, ती काही बोलली नाही, नुसती आशेनं बघत होती. ते तर जास्तच वाईट!

सोमवारी सकाळी योगिनी मॅडमनी मान वर केली तर काचेपलीकडे रांग. पुढं शकू, मागं अख्खा बाजार, प्रत्येकीच्या हातात पासबुक, आधार कार्ड आणि वाळवून पावडर लावलेल्या नोटा. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शकूताई, अहो, आत्ताच तर तुमचं कर्ज झालं! वीस वर्षं ते फेडायचंय. आणि तुम्ही एवढ्या जणींना जामीन राहणार?"

शकूनं मागं वळून बघितलं. मग खुर्ची ओढून बसली, पेन मागितलं आणि म्हणाली, "तुमचा कर्ज वीस वर्षांत फिटेल वो म्याडम… ह्यांचा कसा फिटायचा, ता कोन सांगत नाय. आना, कुटं सही करू?"